थेरपिस्ट शोधायचा सीन कुठाय?

'डिअर जिंदगी'मधला तो भाग मी सात-आठ वेळा तरी पाहिला असेल. कायराला मुंबईतलं भाड्याचं घर सोडावं लागलंय, गोव्यात आईवडिलांकडे येऊन राहावं लागतंय, रात्र रात्र झोप नाही. अशात एका हॉटेलात मानसिक आरोग्यावरची परिषद चालू असते, तिथे बोलणाऱ्या एका डॉक्टरचे चार शब्द तिच्या कानावर पडतात, आणि झालं. थेरपिस्ट सापडला. पहिल्याच झटक्यात. वर तो शाहरुख खान निघतो.

2016 साली हा सिनेमा आला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आम्ही पाच जण मिळून पाहायला गेलो होतो. बाहेर आल्यावर बाकीचे चौघं आलिया भटबद्दल बोलत होते आणि मी गप्प होतो, कारण मला तो डॉक्टर आवडला होता आणि हे त्या टोळक्यात बोलायची सोय नव्हती. पण डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: वेळ आली की असा माणूस आपोआप भेटतो.

वेळ आली दोन वर्षांपूर्वी. आम्ही मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला, गंगाधामच्या अलीकडे राहतो. बाबांनी तीस वर्षं भुसार बाजारातल्या एका गाळ्यावर हिशेब लिहिले. मध्यरात्र उलटली की भाजीचे ट्रक यायला लागतात, हॉर्न, आरडाओरडा, मागे घेणाऱ्या गाड्यांची टुंटूं. या आवाजात मी लहानाचा मोठा झालो, त्यानं माझी झोप कधी मोडली नाही. मोडली ती फोननं. टीममध्ये माझी ऑन-कॉलची पाळी असायची, म्हणजे अमेरिकेतल्या क्लायंटची सिस्टिम पडली की रात्री उठून ती उभी करायची. पुढे पुढे फोन वाजला नाही तरी अडीचला जाग यायची, छाती धडधडायची, आणि मी लॅपटॉप उघडून सगळं ठीक चाललंय ना हे बघत बसायचो. ईसीजी नॉर्मल आला. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "स्ट्रेस आहे. कुणाशी तरी बोलून घे."

हा 'कुणाशी तरी' सापडायला मला साडेसात महिने लागले. मधले पाच महिने तर मी नादच सोडला होता. त्या काळात माणसांपेक्षा मी सिनेमा-पुस्तकांकडेच जास्त गेलो. मानसिक आरोग्यावरचं मराठीतलं जे हाताला लागेल ते पाहिलं, वाचलं. माझी त्यांच्याबद्दल एक तक्रार आहे. आपल्या गोष्टींमध्ये थेरपिस्ट असतो, चांगला असतो, पण तो कुणी निवडत नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्यापासून सुरुवात करतो, कारण या विषयावर मराठीत त्यांच्याइतकं मन लावून कुणी काम केलेलं नाही. सुमित्राबाई सिनेमात येण्याआधी पुण्याच्या कर्वे इन्स्टिट्यूटमध्ये समाजकार्य शिकवायच्या. ती नजर त्यांच्या प्रत्येक फ्रेममध्ये दिसते. 2004 च्या 'देवराई'त अतुल कुलकर्णीचा शेष स्किझोफ्रेनियानं आजारी आहे. त्याला शहरात आणते ती त्याची बहीण, सोनाली कुलकर्णीची सीना. डॉक्टर आहेत मोहन आगाशे, जे खऱ्या आयुष्यातही मानसोपचारतज्ज्ञ. इथे शेषनं डॉक्टर निवडावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. आजारच असा आहे की धावपळ घरच्यांना करावी लागते, आणि सिनेमाचा जीव त्या धावपळीतच आहे. 'देवराई'शी माझं भांडण नाही.

भांडण 'कासव'शी आहे, आणि ते आवडत्या माणसाशी असतं तसलं आहे. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ', 'कोर्ट' यांच्यानंतर सुवर्णकमळ मिळवणारा हा मराठी सिनेमा. इरावती हर्षेची जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे, त्यावर उपचार घेतलेली आहे. कोकणात दत्ताभाऊ कासवांच्या संवर्धनाचं काम करतात, तिथे ती जात असताना तिला रस्त्यात एक मुलगा सापडतो. तापानं फणफणलेला, जगण्यावर चिडलेला, आत्महत्येचा प्रयत्न करून बसलेला. आलोक राजवाडेनं तो इतका खरा केलाय की मला काही प्रसंगांत त्याचा राग आला. जानकी त्याला घरात आणते, खायला घालते, नाव-गाव विचारत नाही, तो अंगावर ओरडला तरी निघून जा म्हणत नाही. तो आपल्या कवचात जातो तेव्हा जाऊ देते.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी रडलो. दुसऱ्यांदा पाहिला तो त्या पाच महिन्यांत, रात्री, हेडफोन लावून, आणि तेव्हा मला चक्क हेवा वाटला. या पोराला काहीच करावं लागलं नाही. अपॉइंटमेंट नाही, फी नाही, समोरच्या बाईंना काय येतं काय नाही हे तपासायची कटकट नाही. तो नुसता पडला आणि योग्य माणसानं त्याला उचललं. ज्याची अवस्था त्याच्याइतकी बिघडलेली आहे त्याच्यासाठी हे बरोबर आहे, तिथे दुसऱ्यानंच पुढे व्हायला हवं. पण माझ्यासारखे हजारो लोक रस्त्यात पडत नाहीत. ते रोज नऊला लॉग-इन करतात, स्टँड-अप कॉलमध्ये 'नो ब्लॉकर्स' म्हणतात, लग्नकार्यात वाढायला उभे राहतात. त्यांना उचलायला कुणी येत नाही, कारण ते पडलेले दिसतच नाहीत. त्यांना स्वतः उठून, आहे त्या थकलेल्या डोक्यानं, एक अनोळखी माणूस निवडायचा असतो. हे काम किती अवघड आहे ते आपल्या सिनेमात कुठंच येत नाही.

यावर माझ्या एका मैत्रिणीचं उत्तर तयार होतं. सिनेमा म्हणजे माहितीपत्रक नाही, म्हणाली. अपॉइंटमेंट घेण्यात कसलं आलंय नाट्य?

मला हे पटत नाही, आणि मराठी माणसाला तर ते अजिबात पटू नये. निवडण्याच्या प्रसंगावर आपण शंभर वर्षं जगतोय! कांदेपोहे. चहाचा ट्रे, खाली घातलेली मान, 'स्वयंपाक येतो ना', आतल्या खोलीतून डोकावणारी भावंडं. जयंत सोमलकरांचा 'स्थळ' तर अख्खा त्यावरच उभा आहे. एक अनोळखी माणूस दुसऱ्याला पंधरा मिनिटांत जोखतो, आणि त्या पंधरा मिनिटांत जात, पैसा, हुंडा, मुलीची घुसमट, सगळं बाहेर येतं. पहिलं थेरपी सेशन यापेक्षा कमी नाट्यमय नसतं. दोघं समोरासमोर, एक जण पैसे देणारा, तरी त्यालाच आपण परीक्षेला बसल्यासारखं वाटतंय. घड्याळ चालू. 'काय त्रास होतोय' याचं उत्तर आपल्याकडे मराठीत तयार नाही, कारण घरात त्याला फक्त 'टेन्शन' म्हणतात आणि टेन्शन तर सगळ्यांनाच असतं.

माझं पहिलं सेशन ऑनलाइन होतं. कंपनीच्या योजनेत काही सेशन फुकट होती. एचआरला कळेल की काय या भीतीनं मी आधी दोन महिने लिंकच उघडली नव्हती. समोरच्या समुपदेशकांचं नाव किंवा कंपनी मी इथे लिहिणार नाही. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, 'समजू शकते' असं चार-पाचदा म्हणाल्या. दुसऱ्या वेळी पुन्हा ऐकून घेतलं. तिसऱ्या वेळी म्हणाल्या की मी ओव्हरथिंक करतो, सकाळी चालायला जा, शक्य तर लग्नाचं मनावर घ्या. मी लॅपटॉप मिटला आणि माझ्या मनात आलेला पहिला विचार 'या बाई माझ्या कामाच्या नाहीत' हा नव्हता. पहिला विचार होता, 'थेरपी माझ्यासाठी नाही.' म्हणजे दोष माझ्यातच. जानकीसारखं ऐकून घेणारं माणूस मिळूनही मी बरा होत नाही, तर मग माझ्यातच काहीतरी खोट असणार.

पाच महिने गेले ते या एका गैरसमजात.

एडवर्ड बॉर्डिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1979 मध्ये थेरपिस्ट आणि क्लायंट यांच्या नात्याचे तीन भाग सांगितले होते. एक, दोघांनी मिळून ठरवलेलं ध्येय. दोन, तिथवर जायला करायची कामं. तीन, दोघांमधला जिव्हाळा. थेरपी कुठल्याही पद्धतीची असो, हे नातं किती चांगलं जमलंय यावर गुण येण्याचा बराच अंदाज बांधता येतो, हे नंतरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मला हे वाचून एकदम 'कासव' आठवला. तिथे तिसरा भाग काठोकाठ आहे, पहिले दोन शोधावे लागतात. आणि माझ्या त्या तीन सेशन्समध्येही तेच होतं, फक्त जिव्हाळाही पातळ. आम्ही कशासाठी भेटतोय हे कुणी ठरवलंच नव्हतं. झोप सुधारायची? रात्रीच्या फोनला 'नाही' म्हणायला शिकायचं? नोकरी बदलावी का ते बघायचं? तिघांचा रस्ता वेगळा आहे.

या बाबतीत 'डिअर जिंदगी'ला मी आधी दिले त्यापेक्षा जास्त मार्क द्यायला हवेत. माणूस सापडतो फिल्मी पद्धतीनं, हे खरं. समुद्रकाठी फिरत, लाटांशी कबड्डी खेळत केलेली सेशन्स बघून कुठल्याही थेरपिस्टला घाम फुटेल. पण शेवट नीट आहे. काम झालं, आता सेशन्स बंद, असं डॉक्टर सांगतो. कायराला आणखी भेटायचं असतं, तिला तो आवडायला लागलेला असतो, आणि तो मर्यादा ओलांडत नाही. या नात्याला शेवट असतो आणि मर्यादा असते, हे मोठ्या हिंदी सिनेमानं इतकं स्वच्छ सांगितल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. गौरी शिंदे पुण्याच्या आहेत याचा इथे उगाच थोडा अभिमान वाटून घेतो.

पुस्तकांकडे गेलो तर चित्र उलटं. मराठीत ताणतणावांवरचं बरंचसं वाचण्यासारखं लेखन अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीच्या, म्हणजे आरईबीटीच्या अंगणातलं आहे. अंजली जोशींची 'मी अल्बर्ट एलिस' ही कादंबरी, आनंद नाडकर्णींची पुस्तकं. हे मला इंजिनिअर म्हणून लगेच भिडलं. घटना, तिच्याबद्दलचा आपला समज, आणि त्यातून आलेली भावना. सर्व्हर पडला ही घटना. 'सर्व्हर पडला म्हणजे मी नालायक' हा समज. छातीतली धडधड त्या समजातून येते, सर्व्हरमधून नाही. डीबग करता येईल असं काहीतरी हातात आलं. एलिसचा तरुणपणीचा तो प्रसिद्ध किस्साही मला फार आवडतो: मुलींशी बोलायची भीती जावी म्हणून एकोणिसाव्या वर्षी तो ब्रॉन्क्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जात राहिला आणि शंभरेक मुलींशी जाऊन बोलला. डेट ठरली एक, आणि ती मुलगी आलीच नाही. पण नकारानं आपण मरत नाही हे त्याला कळलं.

म्हणजे इथे 'कामं' भरपूर. अडचण अशी की ही पुस्तकं वाचून मला वाटायला लागलं की आता थेरपिस्टची गरजच नाही. मी एक्सेल शीट केली. घटना, समज, भावना, पर्यायी समज. सहा आठवडे इमानदारीत भरली. पहाटे अडीचला जाग येतच राहिली, फरक इतकाच की आता मी उठून शीट भरायचो. त्यात पुस्तकाचा दोष किती आणि माझा किती, सांगता येत नाही. पण आपलाच कोड आपणच रिव्ह्यू करायचा नसतो हे ज्याला ऑफिसात रोज पटतं, त्याला हे कळायला सहा आठवडे लागायला नको होते.

नाडकर्णींच्या 'विषादयोग'मध्ये गीतेतला संवाद आणि आरईबीटी शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. गीतेला थेरपी म्हणायचा मोह अनेकांना होतो, मला तो जरा जास्तच सोयीचा वाटतो. पण त्या निमित्तानं एक लक्षात आलं. आपल्याकडे निवडीचा एक प्रसंग आहे, फक्त तो गीतेच्या आधी, उद्योगपर्वात आहे. अर्जुन आणि दुर्योधन दोघंही कृष्णाकडे मदत मागायला जातात. एका बाजूला अख्खी नारायणी सेना, दुसऱ्या बाजूला शस्त्र न धरणारा एकटा कृष्ण. अर्जुन त्या निःशस्त्र माणसाला निवडतो. माझं युद्ध हा लढणार नाही हे माहीत असून, किंवा कदाचित म्हणूनच. थेरपिस्ट निवडण्यावरची माझ्या वाचनातली सगळ्यात बरी ओळ याच प्रसंगात आहे असं मी अर्ध्या गंमतीत मित्रांना सांगतो.

आता बाबा. पाच महिन्यांनंतर मी पुन्हा शोधायला लागलो तेव्हा एकदा जेवताना बोलून गेलो की मी एका मानसतज्ज्ञाकडे जायचं म्हणतोय. आईनं पोळी वाढायची थांबवली. बाबांनी थोडा वेळ वरण कालवलं आणि तीन प्रश्न विचारले. त्यांचं शिक्षण काय? फी किती घेतात? किती दिवस लागतील?

मी भडकलो. मला वाटलं, यांना काही कळत नाही, हा काय तांदूळ आहे का? बाबा तीस वर्षं पोत्यात पोकळ नळी खुपसून मूठभर दाणे तळहातावर घेणाऱ्या लोकांत बसले होते, तोच हिशेब इथे लावतायत. ताट तसंच टाकून मी उठलो. माझ्या डोक्यात जुगचा बीच होता आणि जानकीचं घर होतं. फी किती हा प्रश्न त्या दोन्ही ठिकाणी बसत नव्हता.

पण तिन्ही प्रश्न बरोबर होते. शिक्षणाचा तर सगळ्यात जास्त. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, औषध लिहून देऊ शकणारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला एमफिलसारखं मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते, आणि तो नंबर विचारायचा आपल्याला हक्क आहे. 'समुपदेशक', 'थेरपिस्ट', 'कोच' या शब्दांना मात्र तसं कुंपण राहिलेलं नाही. मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली उत्तम माणसं ती पाटी लावतात, आणि तीन दिवसांचं ऑनलाइन सर्टिफिकेट घेतलेलीही लावतात. पाटी बघून फरक कळत नाही. विचारावंच लागतं: तुम्ही कुठे शिकलात, माझ्यासारखा त्रास असलेल्यांबरोबर काम केलंय का, कुठल्या पद्धतीनं करता, तुमच्या कामावर देखरेख करणारं कुणी आहे का. माझं बोलणं गुप्त राहील का, हेही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गुप्ततेचा हक्क दिला आहे, पण कंपनीच्या योजनेतून जाताना नेमकी कुठली माहिती कुणाकडे जाते हे आधीच विचारलेलं बरं. मी विचारलं नव्हतं, नुसता घाबरलो होतो. आणि पैसे नसतील किंवा रात्र फार वाईट असेल तर 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

यातलं काहीही मला कुठल्या सिनेमानं, कादंबरीनं सांगितलं नाही. सांगायलाच हवं होतं असं नाही. पण एखाद्या पात्रानं एकदा तरी पहिल्या थेरपिस्टकडून उठून दुसऱ्याकडे गेलेलं मला बघायला मिळालं असतं, तर मी ते पाच महिने स्वतःला खोटा माल समजण्यात घालवले नसते. तो सीन कसा दिसेल याचा मी बराच विचार केलाय. पात्र रिक्षात बसलेलं असेल, फोनमध्ये 'यापुढे सेशन नको' असा मेसेज टाइप करत असेल, तीनदा खोडेल, 'सॉरी' लिहील, 'सॉरी' काढेल. कारण आपल्याला डॉक्टर बदलणं जमतं, पण ज्याच्यापुढे रडलो त्याला बदलणं म्हणजे गद्दारी वाटते. भावे-सुकथनकरांना हा सीन जमला असता. सुमित्राबाई 2021 मध्ये गेल्या.

दुसऱ्या खेपेला मी तिघांना फोन केले. एकांनी प्रश्न विचारल्याबद्दल नाराजी दाखवली, ते बरंच झालं, वेळ वाचला. एक भेटीची वेळ देऊ शकत नव्हत्या. तिसऱ्या, सातारा रोडवर बसतात त्या, शांतपणे सगळ्याची उत्तरं देत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "चार सेशननंतर आपण दोघं मिळून बघू, उपयोग होतोय का. नसेल होत तर मी दुसरं नाव सुचवेन." पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं की तीन महिन्यांनी काय वेगळं असलं तर मी म्हणेन की पैसे वसूल झाले. मी म्हणालो, ट्रकच्या आवाजात झोपायचंय. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आठव्या सेशनपर्यंत यातलं निम्मं झालं होतं. मॅनेजरशी ऑन-कॉलबद्दल बोलायची प्रॅक्टिस आम्ही तिथे खुर्चीत बसून केली, त्या मॅनेजर झाल्या आणि माझ्या मॅनेजरपेक्षा जास्त अवघड झाल्या. पाळ्या आता दोघांत वाटल्या आहेत. कधी कधी अजूनही अडीचला जाग येते. लॅपटॉप हॉलमध्ये ठेवलेला असतो.

घरी तो विषय बाबांनी एकदाच काढला, दसऱ्याच्या आधी. फुलबाजारातून झेंडू घेऊन आम्ही परत येत होतो. रस्ता गर्दीनं ठप्प, दुचाकीवर मागे बाबा, त्यांच्या मांडीवर पिशवी. "त्या बाईंकडे अजून किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"चार वेळा जायचंय अजून. मग बघू म्हणाल्यात."

"बरं," म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "झेंडू जरा ओलाच घेतलास तू."